भिंतीवरचे पाळीपत्रक

मुलांनो, परभणीहून पाथरीच्या रस्त्याने जाताना वाटेत एक रुंद कालवा लागतो. तो पैठणच्या नाथसागरातून निघालेला जायकवाडी प्रकल्पाचा डावा कालवा होय. गोदावरीवरील या धरणाचा पायाभरणी समारंभ १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाला, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. धरणाची भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब आहे. डाव्या कालव्याची लांबी २०८ किलोमीटर असून छत्रपती संभाजीनगर व जालना या जिल्ह्यांतून वाट काढीत तो परभणी जिल्ह्यात येतो. ज्या धरणावर आपले पीक अवलंबून आहे, ते धरण येथील पुष्कळ शेतकऱ्यांना घरापासून शंभर-दीडशे किलोमीटर दूर आहे.

क्षणभर कल्पना करा. पौष महिन्यातील रात्र आहे. थंडी मी म्हणते आहे. एक शेतकरी घोंगडी पांघरून, हाती विजेरी आणि खांद्यावर फावडे घेऊन आपल्या बांधावर बसला आहे. त्याचा गहू तीन आठवड्यांचा झाला आहे. याच वेळी गव्हाला मुकुटमुळे फुटतात आणि याच वेळी पाणी मिळाले नाही, तर पुढे कितीही पाणी दिले तरी झालेले नुकसान पुरते भरून येत नाही. त्याचे शेत चारीच्या अगदी शेवटच्या टोकाला आहे; शेतकरी या टोकाला ‘टेल’ असे म्हणतात. कालव्याला पाणी सुटले आहे, हे त्याने ऐकले आहे. परंतु ते त्याच्या दारात केव्हा येणार? आज येणार, की उद्या? की वाटेतील शेते पिऊन झाल्यावर त्याच्या वाट्याला नुसता ओला गाळच येणार?

हा प्रश्न वरवर पाहता एका शेतकऱ्याचा आहे. पण थोडा विचार केला, तर जेथे जेथे पुष्कळ माणसे मिळून एक काम करतात, तेथे तेथे तो उभा राहतो, असे दिसून येईल. धरणावर दार उचलणारा कर्मचारी, कालव्याच्या काठाने फिरणारा कालवा निरीक्षक, चारीचे दार उघडणारा पाटकरी आणि शेतात दारे धरणारा शेतकरी हे सारे एकाच साखळीचे दुवे आहेत. परंतु ते एकमेकांना दिसत नाहीत. कालव्यातील पाणी ताशी तीन किलोमीटर वेगाने चालले, असे मानले तरी २०८ किलोमीटर अंतर कापावयास त्याला सुमारे सत्तर तास लागतील. तेव्हा पैठणला आज केलेल्या कामाचे फळ शेवटच्या टोकाला तीन दिवसांनी दिसावयाचे! मधल्या काळात प्रत्येकाने आपापल्या अंदाजाने वागावयाचे ठरवले, तर काय होईल? चारीच्या माथ्याचा शेतकरी म्हणेल, ‘पाणी पुन्हा येईल की नाही कोण जाणे, मी आजच दोनदा भिजवून घेतो.’ त्याच्या शेतात पाणी साचेल, आणि टेलच्या शेतातील भेगा तशाच राहतील. यात माथ्याचा शेतकरी दुष्ट असतो असे नाही. आपल्या पलीकडे काय चालले आहे हे त्याला दिसत नाही, म्हणून तो भितो. आणि भ्यालेला माणूस आपल्यापुरतेच पाहतो.

या भयावर महाराष्ट्रातील पाटबंधाऱ्यांवर फार वर्षांपासून एक उपाय चालत आला आहे. त्याला शेजपाळी म्हणतात. शेजाशेजारच्या शेतांना क्रमाने, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या तासांपुरते पाणी द्यावयाचे, ही शेजपाळीची रीत होय. पावसाळा संपला, की १५ ऑक्टोबरच्या सुमारास धरणात किती पाणी साठले आहे हे पाहतात. पिण्याचे पाणी व उद्योगांचे पाणी राखून ठेवतात, बाष्पीभवनाने उडून जाणारे पाणी हिशेबात धरतात, आणि मग उरलेल्या पाण्यात रब्बीला व उन्हाळ्यात किती आवर्तने देता येतील, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. आवर्तन म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची एक फेरी. शेतकरी पाण्यासाठी अर्ज करतात. आणि कोणाला, किती क्षेत्रासाठी, कोणत्या दिवशी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत पाणी मिळणार, याचा तक्ता तयार होतो. हेच पाळीपत्रक.

हा तक्ता कसा करतात, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एका पोटचारीतून दर सेकंदाला ३० लिटर पाणी वाहते. म्हणजे तासाला १ लक्ष ८ हजार लिटर. एक हेक्टर शेतात ८ सेंटिमीटर उंचीचे पाणी द्यावयाचे, तर ८ लक्ष लिटर पाणी लागेल. भागाकार केला, की एका हेक्टरला सुमारे साडेसात तास लागतात असे उत्तर येते. आता शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचे शेत दोन हेक्टरांचे असेल, तर त्याला पंधरा तास मिळावयास हवेत. सोमवारी सकाळी सहा वाजता त्याची पाळी सुरू झाली, तर ती रात्री नऊ वाजता संपेल. त्याच्या अलीकडच्या शेतकऱ्याचे एक हेक्टर आहे. त्याची पाळी रात्री नऊपासून मंगळवारी पहाटे साडेचारपर्यंत. त्याच्याही अलीकडे दीड हेक्टरवाला. त्याने पहाटे साडेचारला दार घ्यावयाचे आणि दुपारी पावणेचारला सोडावयाचे. याप्रमाणे सात दिवसांच्या १६८ तासांत सुमारे बावीस हेक्टर क्षेत्र भिजते.

या उदाहरणात पाळी शेवटच्या शेतापासून सुरू होऊन माथ्याकडे येते, हे तुमच्या लक्षात आले असेल. पाणी वरून खाली वाहते, पण न्याय खालून वर येतो! माथ्याच्या शेताला पाणी केव्हाही मिळू शकते, कारण ते त्याच्या दारावरूनच जाते. म्हणून ज्याला सर्वांत उशिरा मिळण्याचे भय, त्याला सर्वांत आधी द्यावयाचे, असा हा विचार आहे.

परंतु हा विचार नुसता कागदाच्या घडीत राहिला, तर त्याचा उपयोग काय? पाळीपत्रक जोवर कपाटात आहे, तोवर ते कारकुनाचे असते. ते ग्रामपंचायतीच्या अगर पाणीवापर संस्थेच्या भिंतीवर लागले, की गावाचे होते. शेतकरी तेथे येतो, आपले नाव शोधतो, आणि त्याबरोबरच आपल्या आधी कोण आहे व आपल्यामागून कोण आहे, हेही पाहतो. आपण तीन तास अधिक दार धरले, तर ते तीन तास नेमक्या कोणाच्या शेतातून वजा होणार, हे त्याला तेथे स्पष्ट दिसते. ज्याचे नाव दिसते त्याचे तोंडही डोळ्यांपुढे येते. आणि शेजाऱ्याचे तोंड डोळ्यांपुढे असताना त्याचे पाणी तोडणे सहसा कोणाला धजत नाही. रात्रीची पाळी कोणाच्या वाट्याला आली हेही तक्त्यावर दिसते, आणि पुढच्या आवर्तनात ती अदलून-बदलून देता येते. महाराष्ट्र शासनाने २००५ साली एक कायदा करून सिंचनाच्या व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना अधिकार दिले. आपल्या वाट्याचे पाणी आपसात वाटून घेणाऱ्या अशा संस्थांना तर सर्वांना दिसणाऱ्या हिशेबावाचून एक पाऊलही टाकता येणार नाही.

दूरदूर असलेल्या माणसांना एका चित्राने जोडण्याचे असेच आणखी एक उदाहरण परभणी जिल्ह्यात सापडते. ते पाहण्यासाठी कालव्याचा काठ सोडून आपण रेल्वेच्या स्थानकावर जाऊ. मनमाडहून सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा या मार्गाने नांदेडकडे जाणारा लोहमार्ग १९०० सालाच्या सुमारास निजामाच्या राज्यात घातला गेला. परभणीहून एक फाटा गंगाखेडवरून परळी वैजनाथला जातो. ज्या मार्गावर रुळांची एकच जोडी असते, त्याला एकेरी मार्ग म्हणतात. अशा मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्या एकमेकींना ओलांडू शकतात त्या केवळ स्थानकातच. दोन स्थानकांच्या मध्ये त्यांची भेट म्हणजे अपघातच. मग कोणती गाडी कोठे थांबवावयाची आणि कोणती पुढे काढावयाची, हे कसे ठरवतात?

त्यासाठी रेल्वेच्या नियंत्रण कक्षात एक आलेख असतो. आडव्या रेषेवर वेळ मांडलेली असते, उभ्या रेषेवर ओळीने स्थानके. प्रत्येक गाडी म्हणजे या कागदावरील एक तिरकी रेघ. गाडी वेगवान असेल तर रेघ उभट, मंद असेल तर लोळती. गाडी स्थानकात थांबली, की वेळ तेवढी पुढे सरकते आणि रेघ आडवी होते. परभणीकडून निघालेल्या गाडीची रेघ आणि परळीकडून निघालेल्या गाडीची रेघ जेथे एकमेकींना छेदतात, तो छेद स्थानकाच्या रेषेवरच पडला पाहिजे. समजा, एक गाडी वीस मिनिटे उशिरा आली. नियंत्रक तिची रेघ पुढे काढतो आणि पाहतो, तो गंगाखेडला ठरलेली भेट आता अलीकडच्या स्थानकात घडवून आणावी लागणार! लगेच तो संबंधित स्थानकांना दूरध्वनी करतो. पूर्वी ही रेघ पेन्सिलीने व पट्टीने काढीत. आता ती संगणकाच्या पडद्यावर उमटते. साधन बदलले, तत्त्व तेच राहिले. मैलोगणती पसरलेल्या, एकमेकांना कधी न भेटणाऱ्या स्थानकप्रमुखांना या एका चित्राने एकत्र बांधलेले असते.

कामाचे चित्र काढण्याची ही विद्या जगात अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे उदयास आली. पोलंडमधील कारोल अदामिएत्स्की या अभियंत्याने १८९६ साली कारखान्यातील कामांचा मेळ दाखविणारा एक तक्ता रचला. पण त्याचे लेखन पोलिश आणि रशियन भाषांत झाल्यामुळे ते इतरत्र फारसे पोहोचले नाही. पुढे अमेरिकेत हेन्री गँट या अभियंत्याने कामांच्या आडव्या पट्ट्यांचा तक्ता प्रचारात आणला. कोणते काम केव्हा सुरू व्हावे, केव्हा संपावे आणि प्रत्यक्षात कोठवर आले आहे, हे त्या पट्ट्यांवरून एका दृष्टिक्षेपात कळते. पहिल्या महायुद्धाच्या काळात दारूगोळा व जहाजे यांच्या बांधणीत अशा तक्त्यांचा उपयोग करण्यात आला. धरणे, पूल, इमारती यांच्या बांधकामावर आजही ‘गँट तक्ता’ आढळतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या टोयोटा कारखान्यात तायची ओनो यांनी ‘कानबान’ नावाची पद्धत घडविली. कानबान म्हणजे पाटी किंवा फलक. पुढच्या कामगाराला सुटे भाग लागले, की तो एक चिठ्ठी मागे पाठवितो. आणि चिठ्ठी आल्याखेरीज मागचा कामगार नवा माल तयार करीत नाही. त्यामुळे मालाचे ढीगही साचत नाहीत आणि कोणाचे कामही अडत नाही.

आणि मुंबईचे डबेवाले तर आपलेच! १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या व्यवसायात मावळ, खेड, जुन्नर या भागांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आली आहेत. त्यांच्यातील कित्येकांना लिहिता-वाचता येत नसे. तरीही एक डबा अनेकांच्या हातांतून जाऊन दुपारी नेमक्या माणसासमोर उघडतो. याचे रहस्य डब्याच्या झाकणावरील रंगांत, अक्षरांत व आकड्यांत आहे. डबा कोठून निघाला, कोणत्या स्थानकावर उतरावयाचा, कोणत्या इमारतीत आणि कितव्या मजल्यावर न्यावयाचा, हे सारे त्या चार खुणा सांगतात. डबा हाच तेथे फलक झाला आहे!

पाळीपत्रक, रेल्वेचा आलेख, गँटचा तक्ता आणि डब्यावरची खूण यांत समान असे काय आहे? पहिली गोष्ट अशी, की ही साधने सर्वांसाठी एकच असतात. प्रत्येकाच्या हातात निराळी यादी असेल, तर त्या याद्यांतूनच भांडणे उत्पन्न होतात. दुसरी गोष्ट म्हणजे कोणी, काय आणि केव्हा करावयाचे, हे त्यांत नेमके सांगितलेले असते. ‘लवकरच पाणी मिळेल’ या शब्दांवर कोणी दारे धरू शकत नाही. ‘मंगळवारी पहाटे साडेचारला’ या शब्दांवर धरू शकतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ती म्हणजे, परिस्थिती बदलताच हे चित्रही बदलले पाहिजे. उशीर झालेल्या गाडीची रेघ जुन्याच जागी ठेवणारा नियंत्रक आलेख नसलेल्या नियंत्रकापेक्षाही अधिक घातक होय. कारण खोट्या तक्त्यावर विसंबून माणसे निश्चिंत राहतात.

तक्ता पाणी निर्माण करू शकत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. २०१५-१६ च्या दुष्काळात नाथसागराचा उपयुक्त साठा संपुष्टात आला होता. त्याच दुष्काळात एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेगाडीने पिण्याचे पाणी न्यावे लागले. अशा वर्षी भिंतीवर लावावयास पाळीपत्रकच नसते. परंतु मोकळी भिंतसुद्धा काही सांगत असते. ‘यंदा आवर्तन मिळणार नाही’ हे ऑक्टोबरातच स्पष्टपणे कळले, तर शेतकरी गव्हाऐवजी कमी पाण्यावर येणारी ज्वारी अगर हरभरा पेरील, आणि बियाण्याचा व मजुरीचा खर्च वाया जाऊ देणार नाही. वाईट वार्ता वेळेवर कळणे हीदेखील एक मदतच आहे. ती लपवून ठेवणाऱ्या गोड बोलण्याने मात्र शेतकऱ्याचे दुहेरी नुकसान होते.

मुलांनो, तुमच्या शाळेतही अनेकांनी मिळून करावयाची कामे निघतात. विज्ञान प्रदर्शन, स्नेहसंमेलन, वृक्षारोपण अशा प्रसंगी काय घडते, ते आठवून पाहा. पताका दोन जणांनी आणलेल्या असतात, आणि पाण्याची सोय कोणीच केलेली नसते. प्रत्येक जण म्हणतो, ‘मला वाटले, ते दुसरा कोणी करील!’ या वेळी एक प्रयोग करा. वर्गाच्या भिंतीवर एक मोठा कागद लावा आणि त्याचे तीन रकाने पाडा : ‘करावयाचे’, ‘चालू’ आणि ‘झाले’. प्रत्येक काम एका लहान चिठ्ठीवर लिहा; त्याखाली करणाऱ्याचे नाव व दिनांक घाला. कामाला हात घातला, की चिठ्ठी दुसऱ्या रकान्यात न्या. काम पुरे झाले, की तिसऱ्यात. काम अडले असेल, तर चिठ्ठीवर तांबडी खूण करा आणि तिची लाज वाटू देऊ नका. तांबडी खूण ही कोणाच्या आळसाची नोंद नसून ‘मला मदत हवी’ अशी हाक आहे. जो वर्ग तांबड्या खुणेला हसतो, त्या वर्गात पुढच्या वेळी कोणी खरी खूण करणार नाही, आणि मग तो तक्ता भिंतीची केवळ शोभा होऊन राहील.

आता पुन्हा त्या टेलच्या शेताकडे जाऊ. आपल्या शेतकऱ्याने गावातील भिंतीवरचे पाळीपत्रक पाहिले आहे. आपली पाळी सोमवारी सकाळी सहाला आहे, हे त्याला ठाऊक आहे. त्यामुळे तो तीन रात्री बांधावर कुडकुडत बसला नाही. घरी निजला, पहाटे उठला, वाफ्यांची दारे नीट करून ठेवली आणि वाट पाहू लागला. पूर्वेला तांबडे फुटता फुटता कोरड्या चारीत पालापाचोळा हलला. त्याला पुढे ढकलीत पाण्याची पहिली जीभ वळणावरून आली. वरच्या वीस हेक्टरांवरील प्रत्येक शेतकऱ्याने आपले दार बंद ठेवले होते, म्हणून ती येथवर पोहोचली. रात्री नऊच्या ठोक्याला त्याने आपले दार बांधले आणि अलीकडच्या शेजाऱ्याला हाक दिली. शेजारी फावडे घेऊन आधीच बांधावर उभा होता.

स्वाध्याय

१. चारीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याला कोणते भय वाटते? का?
२. ‘पाणी वरून खाली वाहते, पण न्याय खालून वर येतो’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
३. रेल्वेच्या आलेखात गाडी थांबलेली आहे, हे कसे ओळखतात? दोन रेघांचा छेद स्थानकाच्या रेषेवरच का पडला पाहिजे?
४. ‘वाईट वार्ता वेळेवर कळणे हीदेखील एक मदतच आहे.’ तुमच्या अनुभवातील एक उदाहरण देऊन हे विधान स्पष्ट करा.
५. पाठातील हिशेबाप्रमाणे अडीच हेक्टर शेताला किती तास पाणी द्यावे लागेल? बुधवारी दुपारी बारा वाजता पाळी सुरू झाली, तर ती केव्हा संपेल?
६. उपक्रम : तुमच्या वर्गातील एका सामुदायिक कामासाठी तीन रकान्यांचा तक्ता करा. काम संपल्यावर तक्त्याचा कोठे उपयोग झाला आणि कोठे तो अपुरा पडला, हे दहा ओळींत लिहा.